एका कडीतल्या दोन किल्ल्या

बॉनेटला माझा हात लागायच्या आत अंकुश म्हणाला, "वसंता, आधीच सांगतो, हिच्यात कॉम्प्युटर हाय. उगं वायरी उपसू नको. जमत असलं तरच बघ."

मी हसलो, पण ते मला लागलं. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो होतो आम्ही. याची गणितं मी सोडवायची आणि याच्या डब्यातली चटणी मी खायची, असा आमचा करार. आणि आता हाच मला शिकवत होता, हात कुठं लावायचा आणि कुठं नाही.

"अंक्या, कॉम्प्युटरला बी बॅटरीच लागती," मी म्हणालो आणि बॉनेट उघडलं.

आमचं गाव गलाईवाल्यांचं. सोनं-चांदी गाळायचा धंदा. घरटी एक तरी माणूस सेलमला, गुंटूरला, नाहीतर कानपूरला भट्टीसमोर बसलेला. वर्षातून एकदा, चैत्रातल्या यात्रेला, सगळे गावी येणार. तेवढ्या आठ दिवसांसाठी प्रत्येकानं बंगला बांधून ठेवलेला आणि बंगल्यापुढं गाडी घेऊन ठेवलेली. अकरा महिने ती गाडी कव्हर घालून जागेवर उभी. उभ्या गाडीची बॅटरी बसणारच, त्याला काय इलाज? त्यामुळं यात्रेचे आठ दिवस म्हणजे माझी सुगी. गाड्यांच्या वायरिंगचं माझं दुकान विट्याच्या रस्त्याला होतं. पण त्या आठवड्यात मी दुकानाला कुलूप लावून, भरलेली बॅटरी माझ्या एम-एटी स्कूटरच्या मागं बांधून दारोदार फिरायचो.

त्या वर्षी यात्रेच्या रविवारी अंकुशच्या घरून दीड वाजता निरोप आला, आणि मी लगेच गेलो. कारण काम साधं नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

अंकुशला एक धाकटा भाऊ, निवास. दोघांचं सेलमला एकच दुकान होतं. चौदा वर्षांपूर्वी वाटणीवरून पेटलं, अंकुशनं त्याला नेसत्या कपड्यानिशी बाहेर काढलं आणि निवास जो गेला तो गेलाच. ना पत्ता, ना चिठ्ठी. त्यांची आई, आक्का, इथं गावात एकटी. आणि त्या मंगळवारी आक्काच्या घरचा फोन वाजला. निवास कुठल्यातरी बूथवरून बोलत होता.

"आई, रविवारी मिरजेतनं जाणार हाय. पाच वाजून दहाला गाडी येती, पंधरा मिनटं थांबती. यायचं असलं तर ये. गावात काय मी पाऊल टाकणार न्हाय. आणि त्यो एकटाच आला, तर मी डब्यातनं खाली उतरणार न्हाय, सांगून ठेव."

एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. मोबाईल तेव्हा सगळ्यांकडं नव्हते. निवासकडं असला तरी नंबर कुणाला ठाऊक नव्हता. म्हणजे चौदा वर्षांनी पंधरा मिनिटं, आणि ती हुकली तर पुन्हा कुठं शोधायचं त्याला?

आक्का सकाळपासून पायरीवर बसून होती. हिरवं इरकली लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले. मला बघून म्हणाली, "आलास बाबा. आता माझ्या जिवाला घोर न्हाय."

मिरज आमच्यापासून सव्वा तासाची वाट. घड्याळात दोन वाजत होते. वेळच वेळ होता.

मी अंकुशची बसलेली बॅटरी काढली, माझी जोडली. "मार स्टार्टर."

स्टार्टर खणखणीत फिरला, पण इंजिन पेटलं नाही. अंकुशनं पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा तेच. मी खिडकीतून आत डोकावलो. मीटरच्या काचेत किल्लीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकत होता.

ही भानगड मला ठाऊक होती. या नव्या गाड्यांच्या किल्लीच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. गाडीनं ती ओळखली तरच इंजिन चालू होतं. नाही ओळखली तर स्टार्टर कितीही मारा, गाडी ढिम्म. चोरांसाठीची सोय ती. इमोबिलायझर म्हणतात तिला. महिन्यापूर्वीच विट्याच्या एका डॉक्टरांच्या गाडीला हेच झालं होतं आणि मी दीड दिवस डोकं फोडून त्याचं कारण शोधलं होतं. डॉक्टरांनी दोन्ही किल्ल्या एकाच कडीत अडकवल्या होत्या. दोन चिपा शेजारी शेजारी आल्या की गाडी गोंधळते, कुणाचं ऐकावं तिला कळत नाही.

मी अंकुशच्या हाताकडं बघितलं. कडीत दोन किल्ल्या होत्या, दोन्हींना मिळून लाल दोरा गुंडाळलेला.

"ह्या जोडीनं कुणी बांधल्या?" मी विचारलं.

"आक्कानं," अंकुश म्हणाला. "दिवाळीत गाडी पोचवायपुरता आलतो, परत सेलमला गेलो, तवा हिनं देवाऱ्यात ठेवल्या. एक हरवू नये म्हणून बांधून. पूजेतली गाठ हाय, म्हणून मी सोडली न्हाय."

झालं. फॉल्ट माझ्या डोळ्यासमोर होता. गाठ सोडायची, एक किल्ली आक्काच्या हातात द्यायची, दुसरीनं स्टार्टर मारायचा. दोन मिनिटांचं काम.

आणि ते मी केलं नाही.

का केलं नाही, ते सांगायला मला आजही लाज वाटते. विट्याला ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो, त्या बापू मिस्त्रींची एक शिकवण होती. फॉल्ट सापडला तरी चेहऱ्यावर दाखवायचा नाही. चार नट सैल करायचे, पुन्हा आवळायचे, कपाळाचा घाम पुसायचा. "गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की गाडी गेलीच होती, मिस्त्रीनं परत आणली," असं ते म्हणायचे. आमच्या धंद्यात सगळेच हे करतात. चुटकीसरशी काम केलं तर लोक म्हणतात, 'यात काय मोठं?' पैशाचं म्हणाल तर अंकुशकडून मी कधी पैसे घेतले नव्हते. मला दुसरंच काहीतरी हवं होतं. 'जमत असलं तरच बघ' म्हणणाऱ्या अंकुशनं अर्धा तास माझ्या तोंडाकडं बघत उभं राहावं, एवढंच. मग मी गाडी चालू करणार होतो, आणि हात पुसत म्हणणार होतो, "कॉम्प्युटर होता होय रे आत? मला दिसला नाही."

हे वाक्य मी मनात घोकूनसुद्धा ठेवलं होतं बघा.

मी फ्यूजचा डबा उघडला. एकेक फ्यूज काढून उन्हात धरून बघितला. "हूं," म्हणालो.

"काय झालं?" अंकुश.

"अवघड हाय. मार जरा स्टार्टर."

त्यानं मारला. मी एक वायर काढली, फुंकर घातली, लावली. "आता मार." त्यानं मारला. असं पाच-सहा वेळा झालं असेल. अंकुशच्या सदऱ्याला घाम फुटला. मला आतून गुदगुल्या होत होत्या. खोटं कशाला सांगू?

अडीचच्या सुमाराला कोपऱ्यावरून सर्जेरावची वडापची, सीटमागं भाडं घेऊन माणसं नेणारी जीप आली. शेवटची फेरी. यात्रेच्या दिवशी दुपारी तीन वाजता कुस्त्यांचा फड सुरू झाला की गावातलं एक वाहन हलत नाही; ड्रायव्हर सगळे फडात. सर्जेरावनं आक्काला पायरीवर बघितलं आणि ब्रेक दाबला.

"आक्का, मिरजंला चाललोय. पुढची सीट मोकळी करतो. येताय का?"

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठलीच. अंकुशनंही गाडीचं दार उघडलं. "वसंता, जातो बाबा ह्याच्यासंगं. उगं धोका नको."

आणि मी काय म्हणालो? माझं घोकलेलं वाक्य वाया जाणार होतं ना! जीपनं गेले असते, तर संध्याकाळी गावभर झालं असतं, वसंताला नव्या गाडीतलं जमलं नाही.

"अरे, होतीय की गाडी," मी म्हणालो. "धा मिनटं. आक्काचे गुडघे काय अवस्थेत हायत बघ, जीपात आपटत नेतोस व्हय तिला? जा रे सर्जा तू."

"नक्की?" अंकुशनं विचारलं.

"माझ्यावर विश्वास न्हाय?"

आक्काच म्हणाली, "वसंता म्हणतोय तर होईल. जा बाबा तू सर्जेराव." आणि ती परत पायरीवर बसली. जीप धुरळा उडवत गेली.

आणखी पाच मिनिटं मी इकडचं तिकडं केलं. मग म्हटलं, आता बास, पुरे झाली चेष्टा. कडी मागून घेतली, दोरा सोडला, एक किल्ली आक्काकडं दिली. दुसरी घेऊन स्वतः स्टिअरिंगमागं बसलो, ऐटीत. ते वाक्य अगदी जिभेवर आलं होतं.

किल्ली फिरवली. या खेपेला स्टार्टरसुद्धा फिरला नाही. लाल दिवा लुकलुकायचा थांबला आणि स्थिर जळायला लागला.

मी पुन्हा फिरवली. काही नाही. दुसरी किल्ली लावली. काही नाही. डॉक्टरांच्या गाडीला मी दोन-तीनदाच स्टार्टर मारला होता. इथं मात्र देखाव्यासाठी आठ-दहा वेळा मारायला लावला होता, चुकीच्या अवस्थेत. गाडीला वाटलं, कुणीतरी चोर झटतोय. तिनं स्वतःला कुलूप घातलं. अशी काही तऱ्हा असते, हे मला माहीतच नव्हतं. मला दोन मिनिटांचं ज्ञान होतं आणि त्यावर मी अर्ध्या तासाची मस्ती केली होती.

"काय झालं रं?" अंकुशनं विचारलं. माझा चेहरा बघून त्याला कळलं असणार, की आता हे नाटक नाही. पण आधीचं नाटक होतं हे त्याला कुठं ठाऊक होतं?

"सांगलीच्या शोरूमला फोन लावून बघ," मी म्हणालो. ते शब्द माझ्या तोंडून कसे निघाले, मलाच ठाऊक.

रविवार. फोन नुसता वाजत राहिला. अंकुश पळत फडाकडं गेला. वीस मिनिटांनी हात हलवत परत आला. गावात गाड्या पुष्कळ होत्या. पण निम्म्या माझ्याच यादीवर होत्या, बॅटरी बसलेल्या. ज्या चालू होत्या त्यांचे मालक फडातल्या गर्दीत कुठं बसलेत ते सापडेना. भोंग्यावरून नाव पुकारायला सांगितलं, तर कुस्त्यांच्या आरड्याओरड्यात कुणाला ऐकू जाणार?

आक्का उठून माझ्या एम-एटीपाशी गेली. सीटवर हात ठेवून म्हणाली, "वसंता, मी बसते की रं हिच्यावर. घट्ट धरून बसते."

"आक्का, साठ किलोमीटर हाय. पडशील मधीच," अंकुश ओरडला. मग एकदम खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मीच घालवला त्याला, आणि आता मीच..."

मी डोळ्यांत पाणी आणून देवाला हात जोडले असते, पण देवाला तरी काय तोंडानं सांगणार? मला विट्याच्या एका पोराचा नंबर आठवला, शोरूमला कामाला असलेला. त्यानं उचलला. म्हणाला, "काका, किती वेळा मारला स्टार्टर? दहा? अहो, कशाला? आता किल्ली ऑनवर ठेवा आणि गप बसा. अर्धा तास, पाऊण तास. दिवा विझला की बंद करून चालू करा. मधे हात लावला, तर पुन्हा पहिल्यापासून."

मग आम्ही तिघं त्या लाल दिव्याकडं बघत बसलो. लांबून फडातली हलगी ऐकू येत होती. अंकुश दर मिनिटाला घड्याळ बघायचा. मधे एकदा आक्कानं मला विचारलं, "तहान लागली का रं तुला? उन्हाचा राबतोस." मी मान हलवून नाही म्हणालो.

चार वाजून पाच मिनिटांनी दिवा विझला. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. मी मागं आक्काशेजारी बसलो. वाटेत बंद पडली तर, असं म्हणालो. खरं म्हणजे मला घरी जायची हिंमत नव्हती. अंकुशनं कशी गाडी हाणली, त्यालाच ठाऊक. तासगावात यात्रेवरून परतणाऱ्या ट्रॅक्टरनं अडवलं, तेव्हा तो खिडकीतून हात जोडत होता. आक्का वाटभर निवासचंच बोलत होती. त्याला ताप आला की तो कसा फक्त तिच्याच हातानं भात खायचा, झोपेत कसा बडबडायचा.

पाच वाजून एकवीस मिनिटांनी आम्ही मिरज स्टेशनात शिरलो. गाडी उभी होती! पण पलीकडच्या फलाटावर. मधे पूल.

"तू आक्काला घेऊन ये," असं म्हणून अंकुश पळाला. मी आक्काचा हात धरला. तिनं त्या पायऱ्या कशा चढल्या, ते मी बघितलंय. कठडा धरून, एकेक पाय ओढत. मधे एकदा थांबली, छातीवर हात ठेवून. "चल चल," मलाच म्हणाली. पुन्हा चढली, पुन्हा थांबली. "उचलून घेऊ का आक्का?" मी म्हणालो. "न्हाय, न्हाय. त्यानं मला चालत येताना बघू दे."

आम्ही पुलाच्या मध्यावर आलो आणि खाली शिट्टी झाली.

आक्का कठड्याला जाऊन चिकटली. खालून गाडी सरकायला लागली. पुलावरून माणसं दिसत नाहीत, नुसती डब्यांची छपरं दिसतात. एकामागून एक छप्पर आमच्या पायाखालून जात होतं आणि आक्का प्रत्येक छपराला ओरडत होती, "निवास! आरं निवास! मी आले रं!" तिला काय ठाऊक, तो कुठल्या डब्यात होता. शेवटचा डबा गेला, तरी ती रुळांकडं बघून हाक मारत होती.

अंकुश खालून हळूहळू वर आला.

"दिसला?" आक्कानं विचारलं.

"दारात उभा होता," अंकुश म्हणाला. "केस पांढरं झाल्यात त्याचं. मी पळत गेलो. माझ्या मागं बघत होता, तू दिसतीस का म्हणून. मी ओरडलो, आई येतीय, पुलावर हाय. पण शिट्टी चालू होती. त्याला वाटलं, मी एकटाच..." त्यानं सदऱ्यानं तोंड पुसलं. "तोंड फिरवून आत गेला गं."

आक्का तिथंच पुलावर खाली बसली. माणसं वळसा घालून जात होती. मी एका बाजूला उभा, अंकुश एका बाजूला.

रात्री गावात सर्जेराव भेटला. त्यानं सहज विचारलं, "गाठ पडली का रं? मी चारच्या आतच पोचलो होतो मिरजंत."

त्यानंतर निवासचा फोन कधी आला नाही. अंकुशनं पेपरात दिलं, माणसं पाठवली, कानपूर-दिल्लीकडच्या गलाईवाल्यांकडं चौकशी केली. काही लागलं नाही.

आक्का पुढं सहा वर्षं जगली. आणि या सहा वर्षांत तिनं गावात माझं एवढं कौतुक केलं, की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "वसंतानं उन्हातान्हात जीव टाकला, त्याच्यामुळं निदान मिरजंपर्यंत तरी गेले," असं ज्याला त्याला सांगायची. मी त्यांच्या गल्लीनं जाणंच सोडलं. दोन किल्ल्यांची गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही.

मग एका मार्गशीर्षात तिनं अंथरूण धरलं आणि मला बोलावणं आलं. मी जाताना ठरवून गेलो की आज सांगायचं. पाय धरायचे आणि सगळं सांगायचं. अंकुश औषध आणायला गेला होता, खोलीत आम्ही दोघंच.

"वसंता," ती म्हणाली, "तू माझ्या संगं होतास म्हणून तुला इचारते. अंकुश खरं सांगायचा न्हाय, माझ्या मनाला लागंल म्हणून. त्या दिशी पुलावर मी दोनदा थांबले. थांबले नसते, तर गावला असता का रं त्यो?"

सहा वर्षं ही बाई हा दोष उराशी घेऊन निजत होती. माझा.

"न्हाय आक्का," मी म्हणालो. "तुझ्यामुळं न्हाय. तुझ्यामुळं अजिबात न्हाय."

"मग कशानं रं?"

ती माझ्याकडं बघत होती. सगळं माझ्या ओठांवर होतं. त्या डोळ्यांत माझ्याविषयी जे होतं, ते पुसलं जाईल, याची मला भीती वाटली.

"गाडीनं," मी म्हणालो. "गाडी अडून बसली ना, तिनं घात केला."

आक्कानं सुस्कारा सोडला. तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. माझ्या हातावर तिनं आपला हात ठेवला.

"मशीनला काय बोल लावायचा लेकरा," ती म्हणाली. "तिला थोडंच ठावं होतं, मी कुणाला भेटाय निघालीय ते."

मला ठाऊक होतं. मी तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.